हात राखून

पहाटे ५.३०

उठल्यावर पहिलं काम पाटल्या काढायचं. साधी, खड्याविना अंगठी चालते; त्यापलीकडे हातात काही नको. नखं बोटांच्या टोकांच्या आत, नेलपॉलिश नाही, गळ्यात लोंबणारं काही नाही. तोल गेलेला माणूस हाताला येईल ते धरतो, आणि मंगळसूत्र ही काही धरून उभं राहायची वस्तू नव्हे. मिरजेहून आई व्हिडिओ कॉलवर माझे मोकळे हात बघते आणि विषय बदलते.

मी बी.कॉम. मिरजेत एका पतसंस्थेच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. नवऱ्याच्या नोकरीबरोबर कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन शहरात आलो, मुलं शाळेत रुळली आणि चाळिशीच्या तोंडावर मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांचा डिप्लोमा, चार सेमिस्टर, आणि नाव आगगाडीसारखं लांब: ऑक्युपेशनल थेरपिस्ट असिस्टंट अँड फिजिओथेरपिस्ट असिस्टंट. शेजारच्या अमेरिकेत हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. कॅनडात बहुतेक कॉलेजं ते एकत्रच शिकवतात. नातेवाईक विचारतात तेव्हा मी सोपं करून सांगते. फिजिओथेरपी माणसाला पुन्हा उभं करते, चालवते. उभं राहिल्यावर त्याला जे करायचं असतं, म्हणजे आंघोळ, शर्ट, चहा, बँकेचा फॉर्म, ते ऑक्युपेशनल थेरपी बघते. दोन्हीकडे योजना थेरपिस्ट आखतो आणि त्यातलं नेमून दिलेलं काम असिस्टंट करून घेतो. ‘करून घेतो’ हे महत्त्वाचं, करून देत नाही.

सध्या प्लेसमेंट आहे, म्हणजे रुग्णालयात जाऊन प्रत्यक्ष काम. पूर्ण अभ्यासक्रमात असे पाचशेच्या आसपास तास भरावे लागतात, थोडे फिजिओकडे, थोडे ऑक्युपेशनलकडे. पण पहिला तास भरण्याआधी कागदपत्रांचा डोंगर. दुबळ्या माणसांसोबत काम करणाऱ्यांसाठीची पोलीस तपासणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, दोन टप्प्यांची क्षयाची त्वचाचाचणी. भारतातून आलेल्या, लहानपणी बीसीजी टोचलेल्या अनेकांचा हात या चाचणीत लाल होतो आणि मग छातीचा एक्स-रे काढावा लागतो. शिवाय एन-९५ मास्कची चाचणी: डोक्यावर टोपडं चढवून आत कडू फवारा मारतात. चव लागली तर मास्क बसला नाही. मला लागली. दुसऱ्या मापाचा मास्क मिळाला.

सकाळी ६.४०

बससेवेचं नाव हॅमिल्टन स्ट्रीट रेल्वे. ट्राम १९५१ मध्येच बंद झाल्या, धावतात फक्त बसगाड्या, पण नावातली रेल्वे कुणी काढली नाही. बाहेर उणे बारा. पाठीवरच्या पिशवीत घरातले, म्हणजे रुग्णालयात घालायचे, बूट, पायांत बर्फाचे.

खालच्या शहरातून बस ‘माउंटन’वर चढते. हा माउंटन म्हणजे जेमतेम शंभर मीटरचा कडा, सह्याद्री पाहिलेल्या माणसाने त्याला डोंगर म्हणू नये. पण हाच कडा पुढे जिथे तुटतो तिथून नायगारा कोसळतो, तेव्हा गप्प बसावं. या कड्याच्या पश्चिमेच्या टोकाला १९०६ मध्ये क्षयरुग्णांसाठी सॅनिटोरियम उघडलं. त्यामागचा हिशेब मिरजकरांना नवा नाही: उंच जागा, मोकळी हवा, गावापासून अंतर. आमच्याकडे वानलेसवाडी तशीच वसली. ज्यांच्या नावाची ती वाडी, ते डॉ. विल्यम वानलेस मूळचे ऑन्टारिओचेच. १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं केलं. मी त्यांची उलटी वाट चालले, एवढंच.

इथल्या सॅनिटोरियमची एक गोष्ट वर्गात ऐकली ती मनातून जात नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर ध्रुवाकडच्या बाराशेहून अधिक इनुइट लोकांना क्षयाच्या उपचारासाठी इथे आणलं गेलं. महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं, अंथरुणात. भाषा कळत नाही, जेवण ओळखीचं नाही, घर हजारो किलोमीटर दूर. ऑक्युपेशनल थेरपी म्हणून त्यांच्या हातात मऊ दगड आणि कोरायची हत्यारं दिली गेली. त्यांनी पलंगावर बसून सील, अस्वलं, शिकारी कोरले. त्यातल्या अनेक मूर्ती आज हॅमिल्टनच्या कलादालनात आहेत. शिक्षक ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि त्यात अभिमानाजोगं आहेच. मला मात्र वाटतं की ज्याला उचलून इतक्या दूर आणलं त्याच्या हाताला काम देणं ही किमान गोष्ट होती. ती सुचली हे बरं झालं.

सकाळी ८.००

पुनर्वसन विभागात दिवसाची सुरुवात हडलने होते. फळ्याभोवती सगळे उभे: नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, सोशल वर्कर, असिस्टंट आणि सगळ्यात मागे विद्यार्थिनी. दहा मिनिटांत सगळा मजला. कोण रात्री झोपलं नाही, कुणाला जुलाब म्हणून गाऊन-हातमोजे घालून आत जायचं, कुणाचं पाणी घट्ट करून द्यायचं, कोण शुक्रवारी घरी. रुग्णांची नावं मी लिहिणार नाही. ऑन्टारिओचा २००४ चा आरोग्य-माहितीचा कायदा तसं बजावतो, आणि कायदा नसता तरी लिहिली नसती. इथल्या तपशिलांचीही मी थोडी अदलाबदल केली आहे.

फळ्यावर प्रत्येक नावापुढे मदतीची पातळी असते. हे सगळ्यांत आधी पाठ करावं लागतं. नुसती नजर ठेवायची, की अंगाला हात लावून तयार राहायचं, की ‘मिन असिस्ट’, ‘मॉड असिस्ट’, ‘मॅक्स असिस्ट’. मिन म्हणजे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त श्रम रुग्णाचे, उरलेले आपले. मॉड म्हणजे निम्म्यापासून वर त्याचे. पावपेक्षा कमी असेल तर ते पूर्ण परावलंबन. यामागे एफआयएम नावाची मोजपट्टी आहे: अठरा बाबी, प्रत्येकीला एक ते सात गुण. खाणं, केस विंचरणं, कमरेवरचे कपडे, कमरेखालचे कपडे, संडास, जिना, स्मरणशक्ती. माणूस किती आजारी आहे हे ती विचारत नाही. त्याला दुसऱ्याची किती गरज लागते एवढंच मोजते.

पतसंस्थेत मी व्याज मोजायचे, त्यामुळे टक्केवारीची भीती नाही. पण समोरच्या म्हाताऱ्याला पलंगावरून उठवताना आपण लावलेला जोर पंचवीस टक्के होता की चाळीस, हे हातांना कळायला वेळ लागतो. आणि हात खोटं बोलतात. त्यांना नेहमी वाटतं की आपण कमीच लावला.

सकाळी ८.३०

खोली क्रमांक सांगत नाही. आजोबा सत्तरीपुढचे, उभी हयात पोलादाच्या कारखान्यात गेली. हॅमिल्टनमध्ये त्या पिढीतला दर दुसरा माणूस पोलादाचा. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात, म्हणून शरीराची डावी बाजू लुळी. त्याहून अवघड म्हणजे डावी बाजू त्यांच्या लेखी उरलेलीच नाही. डोळे ठणठणीत आहेत. मेंदू तिकडे लक्ष देत नाही. ताटातलं उजवीकडचं जेवतात आणि म्हणतात, वाढलंच कमी. दाढी अर्ध्या गालाची करतात.

आजचं काम: शर्ट घालणं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने पायऱ्या लिहून दिल्या आहेत. माझ्या प्रिसेप्टरबाई, म्हणजे जिच्या हाताखाली मी शिकते ती असिस्टंट, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि मला पुढे करतात.

शर्ट मांडीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर छातीकडे. आधी लुळा हात. नियम असा की घालताना कमजोर हात पहिला, काढताना कमजोर हात शेवटी. उजव्या हाताने डावा मनगटाला धरून बाहीत सोडायचा, बाही कोपराच्या वर ओढायची, मगच पाठीमागून शर्ट फिरवायचा. आजोबा उजवा हात आधी घालतात. मी थांबते. ते पाठीमागे शर्ट शोधतात, तो सापडत नाही, मग मांडीकडे बघतात. “लेबल कुठे आहे?” मी विचारते. डावीकडे हात घाल, असं सांगायचं नाही, शोधायला लावायचं. ते लेबल शोधतात. मान हळूहळू मध्यापर्यंत येते आणि तिथे अडते. मध्याच्या पलीकडे जग संपलेलं.

त्यांची बायको रोज सकाळी येते. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. तिचे हात मांडीवर राहत नाहीत. ती उठते, बाही धरते, बाई सौम्यपणे तिला थांबवतात. पुन्हा उठते. मला त्या आजींचं अगदी कळतं. आमच्या घरात माणूस आजारी पडला की त्याने पाण्याचा पेला स्वतः उचलणं हा घरच्यांचा अपमान. माझे वडील आजारी होते तेव्हा आम्ही बहिणींनी त्यांना चमच्याने भरवलं, भांग पाडला, बटणं लावली, आणि गावाने आमचं कौतुक केलं. हात चालत होते त्यांचे. चालत होते ते आम्हीच बसवून टाकले, असं मी आज म्हणणार नाही. तेव्हाची रीत तीच होती आणि त्यात माया होती. पण या खोलीत त्या मायेला मदतीच्या पातळीत बसवावं लागतं.

बाई एक युक्ती करतात. त्या बायकोला काम देतात: खुर्ची उचलून नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसा आणि तिथून बोला. काहीही बोला. ती शेजाऱ्यांच्या बर्फ काढायच्या यंत्रावरून सुरू झालेल्या भांडणाबद्दल बोलू लागते. आजोबांचं त्या शेजाऱ्याशी वाकडं असावं, कारण उत्तर द्यायला त्यांची मान मध्य ओलांडून डावीकडे जाते. बायको दिसते. तिच्या अलीकडे स्वतःचा हात दिसतो. हाताजवळ बाही.

शर्ट अंगावर चढायला वीस मिनिटं. बटणं आज दोनच. उरलेली मी लावली, आणि ती मी लावली असंच चार्टमध्ये जाणार.

सकाळी १०.१५

आता फिजिओथेरपी. जिम म्हणतात, पण व्यायामशाळेसारखं फारसं काही नाही: समांतर दांडे, बुटकं रुंद मॅटचं टेबल, चार पायऱ्यांचा लाकडी जिना, भिंतीवर रबरी पट्ट्या. पट्ट्यांचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा. रंग पुढे सरकला की ताण वाढतो. एका आजींना लाल पट्टीवरून हिरवीवर नेलं तर त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं.

खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी आहेत. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीमुळे तीन पथ्यं: खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, तो पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. म्हणून मोजे घालायला दोरीचं साधन, जमिनीवरचं उचलायला लांब चिमटा, कमोडवर उंच बैठक. मी त्यांच्या कमरेला ट्रान्सफर बेल्ट बांधते. रुंद, बकलाचा पट्टा. माणसाला काखेत धरून उठवायचं नाही हा इथला पहिला धडा. खांदा निखळू शकतो. पट्ट्याला खालून हात घालून धरायचं आणि शक्यतो ओढायचं नाही. पुढे सरका, शस्त्रक्रियेचा पाय पुढे ठेवा, कमरेत फार वाकू नका, आता उठा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे कोपर थोडं वाकलेलं राहतं. घरून आणलेले वॉकर बहुधा नवऱ्याच्या उंचीचे निघतात.

फिजिओथेरपिस्ट येते आणि मला स्टॉपवॉच देते. ‘टाइम्ड अप अँड गो’: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मॉन्ट्रियलमध्ये डायान पॉडसियाडलो आणि सँड्रा रिचर्डसन या दोघींनी १९९१ मध्ये ही चाचणी मांडली. जगभर वापरतात, कारण खुर्ची, घड्याळ आणि जमिनीवरची चिकटपट्टी यांपलीकडे खर्च नाही. आजी उठतात, चालतात, वळताना जरा रेंगाळतात, बसतात. मी सेकंद सांगते. गेल्या आठवड्यापेक्षा बरा आकडा आहे हे मला दिसतं, आजींनाही दिसतं, त्या माझ्याकडे बघतात. “छान झालं ना?” मला म्हणता येतं की तुम्ही पूर्ण अंतर न थांबता चाललात. त्या आकड्याचा अर्थ काय, वॉकर सुटेल का, घरी कधी, हे सांगायचं काम फिजिओथेरपिस्टचं. असिस्टंट निदान करत नाही, निष्कर्ष काढत नाही, उपचाराची योजना बदलत नाही. ऑन्टारिओत फिजिओथेरपिस्ट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, असिस्टंट नाही. मी जे काही करते त्याची जबाबदारी तिच्या नोंदणीवर उभी असते, आणि रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊनच मला पुढे केलं जातं.

पहिल्या सेमिस्टरला मला ही रेघ अपमानकारक वाटली होती. आता तिची सवय झाली आहे, आणि खरं सांगायचं तर सोयही वाटते.

दुपारी १२.००

डब्यात मेथीची भाजी आणि पोळ्या. मायक्रोवेव्हपुढे रांग. माझ्या वर्गातली पुण्याची मुलगी दुसऱ्या मजल्यावर प्लेसमेंट करते, ती जेवायला खाली येते. ती बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवीधर आहे. पुण्यात तीन वर्षं स्वतः रुग्ण तपासले, योजना आखल्या. इथे तिला स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आधी पदवीची छाननी, मग परीक्षा, मग नोंदणी. तोवर घरभाडं थांबत नाही, म्हणून हा डिप्लोमा. आमच्या वर्गात असे आणखीही आहेत, मनिलाचे, अहमदाबादचे. शिक्षक नसा समजावतात तेव्हा ते शेवटच्या बाकावर बसून माना खाली घालतात.

“ताई,” ती म्हणते, “मला दिसतं त्या काकांचं कुठे अडतंय. सरळ दिसतं. आणि मी उशी सरकवते आणि आकडे लिहिते.”

“मग सांग ना थेरपिस्टला, काय दिसलं ते.”

“सांगते. प्रश्न म्हणून सांगते.”

यावर आम्ही दोघी हसतो, पण त्यात तिची हुशारी आहे आणि थोडा कडवटपणाही. मला न येणारं न करणं सोपं आहे. तिला येणारं न करायचं आहे. ही व्यवस्था रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे हे मान्य. पण तयार माणूस वर्षानुवर्षं उशा सरकवत राहतो यात रुग्णाचाही तोटाच होतो, असं माझं मत आहे. ते मी अजून कुठे मांडलेलं नाही.

गंमत अशी की कॅनडात ऑक्युपेशनल थेरपीची सुरुवातच मदतनिसांनी केली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी टोरोंटो विद्यापीठाने १९१८ मध्ये तरुण स्त्रियांना थोडक्या मुदतीचं शिक्षण देऊन ‘वॉर्ड एड’ म्हणून लष्करी रुग्णालयांत पाठवलं. दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम तिथे १९२६ मध्ये आला. आणि आपल्याकडे? अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. हे पुण्याच्या मुलीला माहीत होतं. मला, पश्चिम महाराष्ट्रात आयुष्य काढलेलीला, हॅमिल्टनला येऊन कळलं.

दुपारी १.००

हातांचा गट. टेबलाभोवती चौघे, मध्ये रंगीत थेरपुटी, म्हणजे दाबायचे मऊ गोळे, कपडे वाळत घालायचे चिमटे, नाणी. याच शहरात तयार झालेली ‘चेडोक’ हाताची चाचणी आहे. तिच्यात तेरा कामं, आणि यादी वाचली तर एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांपुढे येते: कॉफीची बरणी उघडणं, पेल्यात पाणी ओतणं, फडकं पिळणं, पाच बटणं लावणं, ब्रशवर पेस्ट काढणं, चष्मा पुसणं, पिशवी घेऊन जिना चढणं. सगळी दोन हातांची कामं, कारण घरात एका हाताचं काम फार थोडं असतं.

त्यानंतर स्वयंपाकघर. थेरपीसाठीच बांधलेलं, ओटा खाली-वर होणारा. पंजाबी आजी आहेत. उजव्या हाताची पकड गेली होती, ती परत येते आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुरुवातीलाच त्यांना, दुभाष्यामार्फत, विचारलं होतं की तुम्हाला काय करता यायला हवं आणि आज ते किती जमतं, एक ते दहा. १९९१ साली कॅनडातच घडवलेली ही प्रश्नावली आता अनेक देशांत वापरली जाते. आजींनी दहापैकी दहा महत्त्व दिलं रोटीला. चालण्याला सात.

पोळपाट-लाटणं त्यांच्या सुनेने घरून आणलं. लाटणं दोन्ही हातांना सारखं काम मागतं; एका बाजूचा जोर कमी पडला की कणीक लगेच सांगते. आजींची रोटी डावीकडे पातळ, उजवीकडे जाड, नकाशासारखी होते. माझ्या बोटांना खाज सुटते. आयुष्यभर पोळ्या लाटल्या आहेत, एका फटक्यात सरळ करून दिली असती. मी हात पाठीमागे बांधते आणि जे लिहून दिलंय ते म्हणते: लाटणं थांबवा, उजवा तळवा पूर्ण उघडा, पुन्हा ठेवा. आजी माझ्याकडे बघून हिंदीत म्हणतात, “तुला येतं ना? मग?” मी म्हणते, “मला येतं, बीजी. आज तुमची पाळी.” त्या पंजाबीत काहीतरी पुटपुटतात; सून हसते, अर्थ सांगत नाही.

दुपारी २.३०

जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चार पायऱ्या, दोन्हीकडे कठडा. मी खालच्या बाजूला, एक पाऊल वरच्या पायरीवर, एक खालच्या, हात पट्ट्यावर. सकाळच्याच खुबावाल्या आजी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यांच्या घरी पाहून आली आहे: पुढच्या दारात तीन पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, आणि मार्च संपेपर्यंत त्यांच्यावर बर्फ. म्हणून इथे सराव एकाच कठड्याने.

तिसऱ्या पायरीवर त्या थांबतात. चेहरा पांढरा पडतो, ओठांवर घाम. “काही नाही, होईल,” त्या म्हणतात. हे वाक्य ऐकलं की थांबायचं, हे आम्हाला पढवलेलं आहे. बाई मागून खुर्ची सरकवतात, आजींना बसवतात, नर्सला हाक. रक्तदाब बसून घेतात, जरा वेळाने उभं करून. वरचा आकडा वीसच्या वर घसरतो. जिना आज संपला. फिजिओथेरपिस्टला लगेच सांगायचं, डॉक्टर औषधं बघतील. आजी मात्र माझ्यावरच रागावतात. शुक्रवारचं घरी जाणं मी बुडवलं असं त्यांना वाटतं. त्यांना काय उत्तर द्यायचं ते फिजिओथेरपिस्ट देते.

दुपारी ३.४५

पट्टे, दांडे, मॅट, लाटणंसुद्धा पुसून झाल्यावर लिहिणं. ऑन्टारिओत हात धुण्याचे चार क्षण ठरलेले आहेत. लिहिण्याचे नियम त्याहून कडक. ‘रुग्ण आज आळसावलेला’ असं लिहायचं नाही. ‘दहापैकी सहा वेळा व्यायाम केला, मग थांबला, थकलो म्हणाला’ असं लिहायचं. ‘सुधारणा आहे’ हेही नको, तो निष्कर्ष झाला. शर्टाच्या नोंदीत मी लिहिते: डाव्या बाहीसाठी तोंडी सूचना तीनदा, शेवटची बटणं विद्यार्थिनीने लावली, पत्नी डाव्या बाजूला बसून बोलत असताना रुग्णाने मान मध्यापलीकडे वळवली. बाई वाचतात, शेजारी सही करतात; विद्यार्थिनीची नोंद त्यांच्या सहीशिवाय नोंदच नाही.

“हे शेवटचं वाक्य,” त्या म्हणतात, “उद्या थेरपिस्ट आधी वाचेल.” कौतुक म्हणून एवढंच मिळतं.

संध्याकाळी ६.३०

पुढच्या आठवड्यात कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा: पलंगावरून व्हीलचेअरवर, रुग्णाचं डावं अंग लुळं. जेवणाआधी नवऱ्यावर सराव. तो फार वाईट रुग्ण आहे, कारण मदत करतो. मी “आता उठा” म्हणायच्या आत उभा. मी सांगते, तुझा डावा पाय नाहीच असं धर. तो पाय उचलून लंगडी घालतो. धाकटा मुलगा परीक्षकाच्या थाटात सोफ्यावर बसून मोजतो की व्हीलचेअरचे, म्हणजे जेवणाच्या खुर्चीचे, ब्रेक मी लावले का. खुर्चीला ब्रेक नाहीत; मी दोन्हीकडे हवेत खटका दाबते. हे विसरलं की तिथेच नापास.

मग सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर घेऊन त्याचं कोपर मोजते, पोळ्या करते, आणि शर्ट त्याचे तो इस्त्री करतो.

रात्री ९.१५

मिरजेत सकाळचे पावणेआठ. आईचा उजवा गुडघा बदलून चार महिने झाले. सोबतीला एक मावशी ठेवल्या आहेत. त्या तिला पाणी देतात, वेणी घालून देतात, उठताना दोन्ही काखांत धरून उभी करतात. स्क्रीनवर ते काखेत धरणं दिसतं आणि माझा हात आपोआप पुढे जातो.

“मावशी, काखेत नका धरू,” एवढं मी म्हणतेच. तेवढं चालतं असं धरून चालते.

“गुडघा अजून पुरता सरळ होत नाही गं,” आई म्हणते. “तू त्याच शाळेत आहेस ना? सांग एखादा व्यायाम.”

“तुझ्या फिजिओला विचार. येतो कधी?”

“गुरुवारी. पण तो घाईत असतो.”

“मग लिहून ठेव. कधी दुखतो, जिना चढताना की उतरताना, सकाळी की रात्री. त्याला वाचून दाखव.”

“म्हणजे तू सांगणार नाहीस.”

“मी सांगू शकत नाही, आई.”

“एवढी फी भरून हेच शिकलीस?”

“अजून एक सेमिस्टर बाकी आहे.”

“मग ते झालं की सांग,” ती म्हणते आणि चहा मागवते.